राज्यात एकच जोंधळा

राजानं हुकूम सोडला. राज्यात जोंधळा एकच पेरायचा, वाड्यामागल्या बागंतला, मोत्यावानी टपोरा. बाकीचं समदं बी गोळा करून नदीत सोडायचं.

का? तर राजा शिकारीला गेला व्हता. वाटंत एका शिवारात जोंधळा डोईच्या वर, दुसऱ्यात कंबरंएवढा, तिसऱ्यात तांबड्या कनसाचा. राजाचं डोस्कं उठलं. "घोडी माझी एका रंगाची, फौज एका रंगाची, आन् जोंधळा असला गबाळा?" एवढंच कारन. शिकार घावली न्हाई, त्याचा राग जोंधळ्यावर निघाला.

दिवानाची मानसं गावोगाव फिरली. लोकांनी मुकाट बी दिलं, ते नदीत सोडायच्या आधी वाड्याच्या कोठारात जाऊन पडलं. माळावरच्या वस्तीत मातुर गजराच्या दारात गाडी अडली.

गजरा म्हंजे येसू धायगुड्याची सून. तिच्या चुलीमागं गाडग्यांची उतरंड. गाडग्यागनिक येगळा जोंधळा, राखंत घोळलेला, वर लिंबाचा पाला, तोंड शेनानं लिपलेलं. त्या मुलखाची रीतच अशी, की लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत घरचं बी घालती. नारळ नसला तर चालतंय, बी पायजे. गजराच्या आईनं गजराला घातलं, आता गजराची लेक लगनाला आलेली.

गजरा उंबऱ्यात बसली. "न्या की गाडगी. पर मला वलांडून न्या. आन् जाताना सांगून जा, लेकीच्या ओटीत मी काय घालू? दिवानाचा शिक्का?"

शिपायांनी गाडग्यांऐवजी तिलाच नेली.

राजा म्हनाला, "समदं राज्य बी देतंय. तुलाच काय झालं गं?"

"महाराज, तुमचा जोंधळा चांगलाच हाय. त्येला रोज मोटंचं पानी हाय. आमच्या माळावर मोट हाकायला कोन येनार? दिवानसायेब येत्यात का?"

दिवानसायेब मिशीवरनं हात फिरवत व्हते, तो हात तिथंच थांबला.

राजा हट्टाचा. "बरं. माझा नको तर तुझा. समद्यात चांगला जोंधळा तू आनून दाव. पर एकच. माळावर यायला पायजे, काळ्या रानात यायला पायजे. पाऊस कमी झाला तर करपायचा न्हाई, जास्ती झाला तर कुजायचा न्हाई. बाजाराच्या दिवशी घिऊन ये. न्हाई आनलास, तर तुझी गाडगी मी माझ्या हातानं नदीत टाकनार."

"असला जोंधळा देवानं केला न्हाई महाराज."

"मंग देवाला सांग."

गजरा घरी आली. सासरा म्हनाला, "दिऊन टाक की गजरे. राजासंगं कोन भांडतंय? पोरीच्या ओटीत तांदूळ घालू."

"मामंजी, तांदूळ पेरायचा कुठं? ह्या माळावर?"

सासरा उतरंडीची गाडगी खाली उतरवाय लागला. त्याला माळ म्हाईत व्हता.

गजरा गाडग्यांम्होरं बसली. दगडी जोंधळा उचलला. पानी नसलं तरी येतोय, पर वल झाली की बसकन मारतोय. उंच जोंधळा उचलला. चिखलात उभा ऱ्हातोय, पर माळावर गुडघ्याएवढा हुतोय. तांबडा उचलला. पाखरू तोंड लावत न्हाई, आन् भाकरी खाताना मानूसबी तोंड वाकडं करतंय. एक गाडगं दुसऱ्याचं काम करंना. तिनं समदी परत रचली, आन् बाजाराच्या दिवशी समदी गाडीत घातली.

दरबारात गाडग्यांची रांग बघून दिवान म्हनाला, "एक सांगितलं व्हतं. मोजाय येत न्हाई का?"

"येतंय. एकच देनार हाय. कंचा द्यायचा, त्ये महाराजांनी सांगायचं."

"मी?" राजा म्हनाला.

"व्हय. यंदा पाऊस कवा येतोय, किती येतोय, मधी दडी मारतोय का, एवढं बोला. ह्या घडीला त्यातला समद्यात चांगला एकच काढून देते. बाकीची गाडगी मीच नदीत नेते, तुमच्या हाताला तरास नको."

राजानं जोशीबुवाकडं बघितलं.

जोशीबुवा म्हनाले, "महाराज, मी लगनाचे मुहूर्त काढतो."

"आन् पाऊस?"

"त्यो मुहूर्त बघून येत न्हाई."

राजानं दिवानाकडं बघितलं. दिवान म्हनाला, "हुकूम काढून बघू का?"

राजा भडकला. "ए बये, मला कोड्यात घालतीस? पाऊस मला कसा ठावं असनार? आन् तुला तरी ठावं हाय का?"

"न्हाई."

"मंग?"

"ठावं न्हाई म्हनून तर एवढी गाडगी. ठावं असतं तर एकच ठेवलं असतं. राख चाळा, पाला आना, दरसाली नव्यानं लिपा. हौस हाय व्हय मला?"

राजा तिच्याकडं बघत ऱ्हायला. मंग त्याचं पोट हालाय लागलं. मंग असा हसला, असा हसला, की डोईचा मंदील कानावर आला. दिवानबी हसला. कशाला हसतोय त्ये त्याला कळलं नव्हतं.

हुकूम माघारी गेला. कोठारातलं बी ज्याचं त्याला पोचवायचं काम दिवानाच्याच गळ्यात पडलं. "ह्यो कुनाचा, त्यो कुनाचा," करत बिचारा गावोगाव हिंडला.

राजा गजराला म्हनाला, "वढ्याकाठची काळी जमीन तुला इनाम. लेकीचं लगीनबी वाड्याकडनं. आनिक काय पायजे?"

गजरानं सिंहासनाखाली झोपलेल्या मांजराकडं बघितलं. "घरात उंदरं लई झाल्यात महाराज. शेनाचं लिपन कुरतडत्यात."

"मंग?"

"तुमचं त्ये मांजर द्या."

मांजर राजाचं लाडकं. राजानं तोंड वाकडं केलं, दिवानाकडं बघितलं, आन् परत हसाय लागला. "न्हे बाई, न्हे. आनिक काही मागायच्या आत न्हे."

जमीन काय पळून जात नव्हती. ती मागनं मोजली. मांजर गजरानं तवाच पाटीखाली झाकलं आन् घरची वाट धरली.