टाकी तांब्यात मावली

कुसळमाळ गावी खुशालपुरी महाराजांचा मुक्काम होता तेव्हाची ही गोष्ट. महाराज तसे कुठेही बसत. पण बहुतेक वेळ गावच्या पाण्याच्या टाकीखाली बसत, कारण तिथे गारवा होता. गारवा होता, कारण टाकी गळत होती. ज्या भक्तांना यात लीला दिसते त्यांना दिसो. भागूताई घोलपांना त्यात फक्त पाणी दिसे, कारण ते त्यांच्या पत्र्यावर पडे.

भागूताईंचं घर टाकीच्या पायाशीच होतं. महाराजांना रोज ताक-भाकरी त्यांच्याच घरून जाई. ताक नेताना त्या टाकीच्या खांबांकडे बघत. सिमेंट सुटलं होतं, आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या. घरात सून बाळंतीण होती.

"आबा, टाकी रिकामी करून दुरुस्त करा की," भागूताईंनी आबासाहेब खुटाळ्यांना कितीदा तरी विनवलं.

आबासाहेब तीर्थरक्षण समितीचे अध्यक्ष होते. हे तीर्थ म्हणजे टाकीतलंच पाणी. झालं होतं असं, की टाकी नवी असताना महाराज शिडीने वर गेले आणि आत पाय सोडून बसले. उन्हाळा होता. गावाने खालून पाहिलं, हात जोडले, आणि त्या दिवसापासून टाकीतलं पाणी तीर्थ ठरलं. तीर्थ कोणी उपसत नाही, खराट्याने घासत तर नाहीच. त्यामुळे टाकी त्यानंतर एकदाही धुतली गेली नाही.

"भागूबाई," आबा चारचौघांत म्हणाले, "लोक तीर्थासाठी काशीला जातात. तुमच्या पत्र्यावर ते घरपोच पडतंय. आणि तुम्ही तक्रार करता?"

चारचौघे हसले. भागूताई ताकाचं भांडं घेऊन परत आल्या.

त्याच आठवड्यात एका सकाळी सिमेंटचा पाटाएवढा तुकडा पत्रा फोडून पाळण्याशेजारी पडला. बाळ क्षणभर दचकलं आणि पुन्हा झोपलं. बाकी कोणी झोपलं नाही.

तालुक्याहून इंजिनिअर आले. खांबावर हातोडी ठोकत त्यांनी चारही बाजूंनी फेरी मारली. "टाकी वाचेल," ते म्हणाले. "खांबांना नवा गिलावा... म्हणजे नवं कवच घालू, आतून अस्तर करू. पण आधी आजच्या आज पाणी सोडा. भरल्या टाकीला हात लावणार नाही. आणि मावशी, तुम्ही घर खाली करा."

"घर करते खाली," भागूताई म्हणाल्या. "पण ही टाकी घरावर पडली, तर परत कुठल्या घरात येऊ?"

इंजिनिअर टाकी रिकामी करायच्या चावीकडे वळले. चावीपाशी आबासाहेब आडवे झाले होते. धोतर स्वच्छ होतं, म्हणून खाली चटई होती.

"तीर्थ गटारात?" आबा झोपल्या जागेवरून गरजले. "माझ्या अंगावरून न्या!"

"अंगावरूनच जाईल," इंजिनिअर म्हणाले. "उतार तिकडेच आहे."

सून बाळाला घेऊन शेजारी गेली. भागूताई मात्र महाराजांपाशी येऊन बसल्या. महाराजांनी ताक संपवलं, मिशी पुसली आणि ते आबांकडे आले.

"आबा, तुझं बरोबर आहे," महाराज म्हणाले. "तीर्थ गटारात जाता कामा नये."

आबांनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं.

"म्हणून ते तू घे. पूजेचा तांब्या आण."

"महाराज! टाकी लाखभर लिटरची, तांब्या एवढासा!"

"देवाला हिशेब नको सांगूस. पाठ आहे त्याला."

अहाहा, काय तो अधिकार! आबा उठले. तांब्या आला. पाइपाच्या तोंडाशी तो धरून आबा उकिडवे बसले आणि इंजिनिअरनी चावी फिरवली.

पाणी तांब्यात पडू लागलं. पडत राहिलं. मनगटाएवढी धार तांब्यात शिरत होती आणि तांब्या भरत नव्हता. वजनही वाढत नव्हतं, आणि आबांना त्याचीच जास्त भीती वाटली. इंजिनिअर वाकून आत बघून आले. मग चष्मा पुसून पुन्हा बघून आले. मग सावलीत जाऊन बसले.

ऊन चढलं, उतरलं. आबा कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देऊ लागले. हात सोडायची सोय नव्हती. तीर्थ सांडलं असतं. आधी पाणी नितळ होतं. मग चहाच्या रंगाचं झालं. मग घट्ट झालं. शेवटी घाण वासाचा काळा गाळ आला, त्यात कबुतराची हाडं होती आणि एक चप्पल, डाव्या पायाची. रोज सकाळी आबा हेच तीर्थ तीन पळ्या घेत आणि डोळ्यांना लावत. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

धार थांबली. त्याच क्षणी वर कडकड आवाज झाला. भागूताईंच्या घराकडचा खांब मधोमध तडकला, टाकी त्या बाजूला वीतभर झुकली आणि तशीच राहिली.

"रिकामी आहे म्हणून थांबली," इंजिनिअर हलक्या आवाजात म्हणाले. "भरलेली असती तर..." पुढचं त्यांनी त्या घराकडे बघून सांगितलं.

आबांनीही घराकडे पाहिलं. फाटक्या पत्र्याखाली, उघड्या दारातून पाळण्याची दोरी दिसत होती. ते तांब्या घेऊन महाराजांसमोर आले, पण हातात तांब्या, पाया पडायला वाकता येईना. "तीर्थ जमिनीला कसं टेकवू, महाराज?"

"भागूच्या घरावर इतकी वर्षं पडलं ते काय अधांतरी राहिलं होतं?" महाराज म्हणाले. "ठेव खाली."

आबांनी तांब्या खाली ठेवला. महाराजांनी तो उचलून भागूताईंच्या परसातल्या लिंबाच्या बुडाशी ओतला. लाखभर लिटर गेलं. आळंसुद्धा भरलं नाही. त्या झाडाला त्या वर्षी नेहमीइतकीच लिंबं लागली.

आबा महाराजांच्या पायांशी वाकले, पण महाराजांनी पाय मागे घेतले आणि भागूताईंकडे बोट केलं.

गावासमोर, गाळाने माखलेल्या धोतरानिशी, आबासाहेब खुटाळ्यांनी भागूताईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, ताई. लेकरू माझ्या हट्टापायी गेलं असतं. खांब उभे राहू द्या, टाकी आतून घासायला पहिला मी उतरतो. दर साली उतरेन."

"उतरा," भागूताई म्हणाल्या. "आता उठा आधी. माझा पत्रा धरायला माणूस पाहिजे."