बोचके पुढे गेले

एकदा एक व्यापारी प्रवासाला निघाला आणि तीन वर्षे निघालेलाच राहिला.

तो खाडीकाठच्या एका गावात राहत असे. गाव जुने, बंदर लहान. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांबट दांडा होता. भरती पुरती चढल्यावाचून मोठे गलबत त्यावरून पार होत नसे. व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी वेणू दक्षिणेकडच्या एका दूरच्या बंदरात दिली होती. तिला मुलगा झाला. तो रांगू लागला, चालू लागला, बोलू लागला. यातल्या प्रत्येक टप्प्याची वार्ता गलबताने येई, आणि ‘येतोच आहे’ असा निरोप गलबताने जाई. निरोप अगदी वेळेवर पोचत.

पहिल्या वर्षी शुक्राचा अस्त आडवा आला. दुसऱ्या वर्षी सुपारीचा माल आला. तिसऱ्या वर्षी मात्र व्यापारी खरोखर बंदरावर गेला, पण गावाने तिथे त्याला निरोप देण्याचा समारंभ ठेवला होता. भाषणे संपली तेव्हा गलबत क्षितिजावर होते. व्यापारी गळ्यातले हार घेऊन घरी परतला. हार ताजे होते. शेटाणीने ते गाईला घातले.

गावामागच्या टेकडीवर एक लहानसा मठ होता आणि त्यात एक वृद्ध आचार्य राहत. सारे गाव त्यांच्याकडे मुहूर्त विचारायला येई. वय झाल्यापासून त्यांनी गणिताचे काम शिष्याकडे सोपवले होते. शिष्य बुद्धिमान होता, आणि ही गोष्ट त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलेली होती.

चौथ्या वर्षी व्यापारी मुहूर्त मागायला आला तेव्हा शिष्याने गणित मांडले. उत्तम मुहूर्त नेमका सूर्योदयाला येत होता. गलबत मात्र भरती पुरती चढल्यावर, बऱ्याच उशिराने सुटणार होते.

“मग प्रस्थान ठेवू,” शिष्य म्हणाला.

प्रस्थान ठेवण्याची रीत जुनी आहे. मुहूर्तावर स्वतःला निघता येत नसेल, तर आपल्या वस्तूंचे एक बोचके प्रवासाच्या दिशेला एखाद्याच्या घरी नेऊन ठेवायचे. बोचके उंबऱ्याबाहेर पडले की शास्त्राच्या दृष्टीने माणूस निघाला. मागाहून त्याने सवडीने जावे. फक्त आपल्या घरी पुन्हा मुक्काम करू नये. शिष्याने या रीतीत एक सुधारणा सुचवली.

“प्रवास समुद्राचा आहे. शेजाऱ्याच्या ओसरीवर बोचकं ठेवण्यापेक्षा ते थेट गलबतातच का ठेवू नये? दिशेला गलबताइतकं धरून दुसरं काय आहे?”

व्यापाऱ्याला हे फार पटले. आचार्य डोळे मिटून बसले होते. ते “हं” म्हणाले. शिष्याने तो होकार मानला.

ठरल्या दिवशी सूर्योदयाला शिष्याने स्वतःच्या हाताने बोचके गलबतात ठेवले. त्यात व्यापाऱ्याची लाल पगडी होती, जरीकाठी उपरणे होते, खास शिवून घेतलेले नवे जोडे होते. खाडीवर धुके होते. डोलकाठ्या धुक्यात अर्ध्यावर नाहीशा होत होत्या, आणि पलीकडचा किनारा कोणी तरी पुसून टाकल्यासारखा वाटत होता. शिष्य धक्क्यावर बसून राहिला. पाणी एकेक पायरी चढत होते.

“शेट कुठं हाय?” गलबताच्या नाखव्याने विचारले.

“निघालेत.”

“दिसत तर न्हाईत.”

“शास्त्राने निघालेत.”

नाखव्याने वाळूच्या दांड्याकडे पाहिले. “त्या शास्त्राला म्हनावं, पाय उचल. गलबत वाळूवर बसलं तर तुमचा मुहूर्त ढकलाया येनार काय?”

शिष्य धावत व्यापाऱ्याच्या घरी गेला. तिथे व्यापारी ओटीवर पाण्याचा पेला घेऊन बसला होता. तो पहिल्यांदा निघाला तेव्हा गडी शिंकला होता. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा रिकामी घागर घेतलेली बाई समोर आली. दर वेळी परत येऊन बसायचे, पाणी प्यायचे, हातावर दही घ्यायचे आणि नव्याने निघायचे, असे चालले होते.

“आता दही संपलं,” शेटाणी दारातून म्हणाली. “निघायचं तर ताकावर निघा.”

या ठिकाणी शिष्याने व्यापाऱ्याचा हात धरून त्याला ओढत न्यायला हवे होते. पण व्यापाऱ्याने विचारले, “आता पुढचा चांगला क्षण कोणता?” आणि विचारल्यावर उत्तर न देणे शिष्याच्या स्वभावात नव्हते. त्याने बोटांवर मोजून क्षण काढून दिला. क्षणांना तोटा नव्हता. तो क्षण येईपर्यंत सगळे बसून राहिले. मग तो आला, आणि व्यापाऱ्याला आठवले की दुकानातला तराजू बांधून ठेवायचा राहिला आहे.

ते दोघे बंदरावर पोचले तेव्हा धुके विरले होते. गलबत वाळूच्या दांड्यापलीकडे गेले होते. त्याचे शीड लहान होत होत एखाद्या पाकळीएवढे झाले. व्यापारी उघड्या डोक्याने आणि जुन्या वहाणांनी धक्क्यावर उभा राहिला. त्याची पगडी आणि त्याचे जोडे दक्षिणेकडे चालले होते.

घरी जावे, तर प्रस्थान ठेवलेले. गावातून फिरावे, तर गाव सकाळीच त्याला मनोमन निरोप देऊन मोकळे झालेले. व्यापारी रस्त्याने निघाला तेव्हा ओळखीचे लोक त्याच्याकडे पाहत आणि नजर वळवत. गेलेल्या माणसाला रामराम कसा करायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या दुकानाच्या फळ्या उघडल्या होत्या. गडी त्याच तराजूत कोणाला तरी सुपारी तोलून देत होता. गिऱ्हाईक हसून काही बोलले, गडीही हसला. व्यापारी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून हे पाहत होता. झोपेत आपलेच घर दुरून दिसावे, आत जाता येऊ नये, तसे त्याला झाले. सोबत चालणाऱ्या शिष्याला हे काही नीट समजले नाही. त्याचे मन पुढच्या गलबताच्या मुहूर्ताकडे लागले होते.

दोघे टेकडी चढून मठात आले.

“महाराज, चुकलं गलबत,” व्यापारी म्हणाला. “पुढच्यासाठी दिवस काढून द्या. एकदा निर्दोष मुहूर्त मिळाला की मी थांबणार नाही.”

“गलबतात काय गेलं?” आचार्यांनी विचारले.

“बोचकं तेवढं.”

“ते तिकडे कोणाच्या हाती उतरेल?”

“वेणूच्या. दर गलबताला ती बंदरावर येते म्हणे. मुलाला घेऊन.”

“आणि बोचक्यामागून कोण उतरेल?”

व्यापाऱ्याने खाली खाडीकडे पाहिले. समुद्रावर माणूस दगावला, तर त्याचे कपडे आणि जोडे बांधून नाखवा ते घरच्यांच्या हवाली करतो. दर्यावरच्या गावांत हे सर्वांना माहीत असते. एखाद्या बाईच्या हातात बापाची पगडी आणि जोडे पडले आणि मागे बाप नसला, तर तिला वेगळे काही सांगावे लागत नाही.

व्यापाऱ्याने आपल्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. शिष्य स्वतःच्या हातांकडे पाहू लागला. बोचके त्यानेच ठेवले होते.

“खाली सुक्या मासळीचा मचवा सुटतो आहे,” आचार्य म्हणाले. “त्याचं बूड उथळ. त्याला भरती लागत नाही. किनाऱ्या-किनाऱ्याने तोही तिकडेच जातो.”

“सुकी मासळी?” व्यापारी म्हणाला. जन्मात त्याच्या घरी मासळीचा वास शिरला नव्हता.

“आत्ता?” शिष्य म्हणाला. “गुरुजी, राहुकाळ लागला आहे!”

आचार्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले, काठी घेतली आणि ते टेकडी उतरू लागले. त्यांना मठाबाहेर पडताना गावाने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. दोघेही मुकाट्याने मागे चालले.

मचवा ओहोटीबरोबर हलू लागला होता. उपरणे बोचक्यात गेलेले, म्हणून व्यापाऱ्याने हातानेच नाक झाकले आणि एक पाय मचव्यात टाकला. दुसरा धक्क्यावरच होता. तेवढ्यात पाठीमागून आचार्यांचा आवाज आला. मोठा, खणखणीत, साऱ्या बंदराला ऐकू जाईल असा.

“शेटजी, कुठे निघालात?”

बंदरावरची माणसे जागच्या जागी थिजली. निघालेल्या माणसाला मागून ‘कुठे’ म्हणून विचारायचे नाही, हे त्या गावात पोरांनाही शिकवावे लागत नसे. अगदीच राहवले नाही, तर ‘लांबवर का?’ एवढेच विचारत. आणि इथे सर्व गावाला मुहूर्त देणाऱ्या पुरुषाने, राहुकाळात, पाय उचललेला असताना, ते विचारले होते. शिष्याने कपाळाला हात लावला. गुरुजींना आता भ्रम होऊ लागला, असे त्याच्या मनात आले.

व्यापारी मागे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “महाराज, तुम्ही? तुम्ही मागून विचारलंत?”

“विचारलं. याहून मोठा अपशकुन या गावात कोणी करू शकणार नाही. तो होऊन गेला, आता वाटेत भिण्यासारखं तुम्हाला काही उरलं नाही.” आचार्य काठीवर रेलले. त्यांचा आवाज खाली आला. “शेटजी, तीन वर्षं तुम्ही निघता आहात. गाव रीत पाळतं, म्हणून तुम्हाला कोणी कुठे जाता ते विचारलं नाही. तुम्हालाही ते कधी सांगावं लागलं नाही. केव्हा निघायचं, कोणत्या पावलाने निघायचं, काय खाऊन निघायचं, हे सगळं तुम्ही विचारलंत आणि आम्ही सांगितलं. कुठे, तेवढं मध्येच राहून गेलं. ज्याच्या जिभेवर ते नाही, त्याला कोणता मुहूर्त पुरणार? सांगा. कुठे निघालात?”

मचवा आणि धक्का यांच्यातले पाणी रुंद होत होते. व्यापाऱ्याचे पाय ताणले गेले होते.

“वेणूकडे,” तो म्हणाला. आधी पुटपुटल्यासारखा, आणि मग कोणी हिसकावून नेईल अशा घाईने, मोठ्याने, “माझ्या वेणूकडे!”

आणि धक्क्यावरचा पाय मचव्यात आला.

“तूही जा,” आचार्य शिष्याला म्हणाले. “मुहूर्त तुझा होता. तो कुठवर पोचतो, ते बघून ये.”

शिष्याने उडी मारली. ती फारशी शास्त्रशुद्ध नव्हती. एक पाय पाण्यात गेला.

पुढचे दिवस शिष्याला नंतर कधी नीट सांगता आले नाहीत. मचवा किनारा धरून चालला होता. डावीकडे माडांची रेघ सरकत राही, उजवीकडे आकाश आणि पाणी यांच्यातली शिवण दुपारच्या उन्हात उसवून जाई, आणि मग आपण पाण्यावर आहोत की आकाशातून चाललो आहोत, ते उमगत नसे. मासळीचा वास पहिल्या दिवशी असह्य होता. मग तो कोणत्या दिवशी नाहीसा झाला, ते दोघांनाही कळले नाही. शिष्य सवयीने सूर्याकडे पाहून तिथी, नक्षत्र, घटका यांचा हिशेब ठेवू लागला. पण लाटेने मचवा वर जाई, खाली येई, आणि बोटांवर धरलेली घटका निसटून जाई. शेवटी त्याने नाद सोडला आणि तो नुसता पाण्याकडे पाहत बसला. तसे तो लहानपणानंतर प्रथमच बसला होता.

वाटेत होड्या भेटत. “कुठं?” म्हणून कोणी हाळी घाली. दर्यावर मागून विचारले की समोरून, असे काही नसतेच.

“वेणूकडे!” व्यापारी ओरडून सांगे.

जणू त्या नावाचे एखादे बंदरच असावे, अशा गांभीर्याने होडीवाले मान हलवत आणि म्हणत, “लांब हाय अजून.” एका म्हाताऱ्या कोळ्याने तर “तितं पानी चांगलं हाय,” असेही सांगितले.

एका सकाळी मचवा त्या बंदराला लागला. गलबत आधीच येऊन गेले होते. व्यापारी चालत नव्हता, धावत होता. उघडे डोके, खाऱ्या वाऱ्याने ताठलेले केस, अंगाला मासळीचा दर्प. घर विचारीत विचारीत दोघे एका अंगणात आले. वेणू ओसरीवर तांदूळ निवडीत होती. तिच्या मागे भिंतीच्या खुंटीला लाल पगडी टांगलेली होती आणि खाली जोडे ओळीने मांडलेले होते. एक लहान मूल त्यातल्या एका जोड्यात दोन्ही पाय घालून उभे होते.

वेणूने वर पाहिले.

“बाय,” व्यापारी म्हणाला. त्याला धाप लागली होती. “बाय, घाबरलीस ना गं? ते बोचकं... तुला वाटलं असेल...”

“घाबरले,” वेणू म्हणाली. “नाखव्याने हातात दिलं तेव्हा घाबरले. मग त्याने सांगितलं, की शेट निघालेत, फक्त आले नाहीत. तेव्हा म्हटलं, मग ठीक आहेत.” ती उठून उभी राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो शोधायला शिष्याने बराच कान दिला. “तीन वर्षं नुसते निरोप यायचे, बाबा. या वेळी पगडी आली, जोडे आले. म्हटलं, थोडेथोडे येतायत. मधला भाग पुढच्या गलबताने येईल.”

व्यापाऱ्याने पायातल्या जुन्या वहाणा काढल्या. वाटेत त्याने पुष्कळ काही जुळवून ठेवले होते. शुक्राच्या अस्ताबद्दल, सुपारीबद्दल, भाषणांबद्दल. त्यातले काहीच त्याला आठवले नाही.

“आलो बाय,” तो म्हणाला. “मधला आलो.”

वेणूने त्याच्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश पाहिले, मागे काही राहिले नाही ना याची खात्री करून घेतल्यासारखे. मग ती पाय धुवायला पाणी आणण्यासाठी आत गेली. तांदळाचे सूप तसेच ओसरीवर राहिले. जोड्यातल्या मुलाने आजोबाकडे पाहिले आणि नाक दाबले.

शिष्य अंगणाच्या कडेला उभा होता. ती वेळ शुभ होती की अशुभ, ते त्याला नंतरही कधी सांगता आले नाही. पाहायचे राहून गेले.