तीन महिन्यांचा दाखला

एका राज्यात पिस्तुलाचे परवाने देणारी एक कचेरी होती. तिथे परवाना सोडून बाकी सगळे मिळे: बसायला बाक, प्यायला पाणी आणि 'पुढच्या महिन्यात या' हा सल्ला. दारावर राजाज्ञेची पाटी होती, 'अर्ज पूर्ण झाल्यापासून चाळीस दिवसांत हो किंवा नाही सांगावे.' ही पाटी रोज पुसली जाई. तेवढे एक काम मात्र चोख होते.

मैनाबाई सोनारीण दोन वर्षे तिथे खेटे घालत होती. नवऱ्यामागे दुकान तीच चालवी. चांदीचे दागिने घेऊन दर आठवड्याला खिंडीपलीकडच्या बाजाराला जाई. लुटारूंनी तिला दोनदा अडवले होते, आणि दुसऱ्या खेपेला तिचे मनगट मोडले. दागिने घडवणारीचे मनगट मोडले म्हणजे काय, हे त्या कचेरीत कुणाला समजावणार?

अर्जाला पाटलाचा वर्तणुकीचा दाखला लागे. दाखल्याची मुदत तीन महिने. कोतवालाच्या चौकशीला लागत चार. चौकशी आटोपून कागद पुढे आला, की तात्या कारकून चष्मा कपाळावर सारून म्हणे, "बाई, दाखल्याची मुदत संपली. अर्ज अपुरा आहे. नवा आणा." नवा दाखला आणला, की चौकशीही पहिल्यापासून. मैनाबाईला वाटे, आपणच वेंधळ्या, आपलेच काहीतरी चुकते.

बाकांवर तिच्यासारखे तीसेक जण असत. पण तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. शस्त्र मागायला आलेला माणूस आपली भीती चारचौघांत सांगत नाही. शिवाय शेजारचा आपल्याच भीतीने आला असला तर? म्हणून जो तो आपल्या पिशवीकडे बघत बसे.

मैनाबाईच्या शेजारी महादबा नावाचा मिठाचा व्यापारी बसे. एका सोमवारी त्याच्या जागी त्याची बायको बसलेली दिसली. तिच्या मांडीवर कागद होते.

"खिंडीत गाठलं त्यांना. गेले," ती म्हणाली. "परवाना मिळाला असता तर वाचले असते की नाही, देव जाणे. पण चार वेळा दाखला आणला हो त्यांनी. चारही वेळा मुदत संपली."

मैनाबाई उठली आणि तिने सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असे विचारले, "इथं कुणाकुणाच्या दाखल्याची मुदत संपली?"

आधी सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग सगळेच. मैनाबाईला कोतवालाचा राग आला, तात्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. वर्षभर ती महादबाच्या खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि तिने त्याला एका शब्दाने विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून दरबारात गेले. दिवाणाने कोतवालाला आणि तात्याला बोलावून घेतले आणि लगेच वाचून दाखवले, "महाराज, एकही पूर्ण अर्ज चाळीस दिवसांवर रखडलेला नाही." हे खोटे नव्हते. अर्ज पूर्ण होऊच दिला जात नव्हता.

"महाराज, मी पिस्तूल मागायला आले नाही, उत्तर मागायला आले," मैनाबाई म्हणाली. "हो म्हणालात तर खिंडीतून जाईन. नाही म्हणालात तर बाजार सोडीन, गावातच जोडवी घडवीन. दोन वर्षं मला दोन्ही करता येईना." आणि तिने महादबाचे चारही दाखले पुढे ठेवले.

चारही कागदांवर पाटलाने एकच वाक्य लिहिले होते: माणूस सरळ आहे.

"हा माणूस दर तीन महिन्यांनी वाकडा होतो, असं कुणी ठरवलं?" राजाने विचारले. दिवाणाने तात्याकडे पाहिले, तात्याने कोतवालाकडे आणि कोतवालाने छताकडे. राजाने तिथल्या तिथे हुकूम काढला. अर्ज हाती पडेल त्या दिवसापासून दिवस मोजायचे, आणि निकाल लागेपर्यंत दाखला चालवायचा. जुन्या अर्जांनाही हाच नियम, फक्त त्यांचे दिवस आजपासून.

चाळिसाव्या दिवशी तात्याने यादी वाचली. बांधावरून शेजाऱ्याचे डोके फोडणाऱ्या रंगोजीला नकार मिळाला. तो पुटपुटत का होईना, घरी गेला. मैनाबाईला होकार मिळाला.

"महादबा मीठवाले. मंजूर."

कुणी उठले नाही. तात्याने पुन्हा नाव पुकारले, थोडा वेळ वाट पाहिली आणि सवयीने नावापुढे लिहिले: अर्जदार गैरहजर.

तात्पर्य: नकार माणूस पचवतो, पण टोलवाटोलवी त्याला खाऊन टाकते. म्हणून उत्तर वेळेवर द्यावे, आणि ते मिळत नसेल तर शेजारच्याला विचारायला उशीर करू नये.