पाच अँपिअर कुणाचे?

"बंबच अधू झालाय म्हणून महिनाभर घसा फोडतेय, पण या महालात माझं ऐकतंय कोण!"

चंद्राक्का हिंगणवेळच्या महाराजांपुढे पदर खोचून उभी होती. महालात विजेचा बंब आल्यापासून न्हाणीघर तिच्याकडेच होतं. आज शनिवार, महाराजांचं तेलाचं न्हाण. आणि पाणी निघालं कोमट! तीनदा साबण लावूनही महाराज तळलेल्या वड्यासारखे चकाकत होते.

"बंब मी स्वतः दुरुस्त करून आणलाय," कारभारी मल्हारपंत म्हणाले. "ही बाईच आळशी. वेळेवर बटण दाबत नाही. काढून टाका हिला!"

"तुम्ही दुरुस्तीला नेलात पंत, तेव्हापासूनच तो गारठलाय!"

महाराज मुळातच हट्टी, त्यात अंग चिकट. "गप्प! झाकण न उघडता, बंबाला हात न लावता त्याच्या पोटातला दोष दाखव. दुपारपर्यंत! नाहीतर गाठोडं बांध आणि चालती हो!"

"दुपार कशाला? आत्ता दाखवते. डायनामोच्या खोलीत चला. आणि महालातले दिवे, पंखे, सगळं बंद करायला सांगा."

चंद्राक्का चौथी शिकलेली, पण पाढे खणखणीत. वीज तयार करणारा डायनामो सांभाळणाऱ्या इब्राहिम मिस्त्रींना रोज चहा नेऊन देता देता डायनामोच्या फळ्यावरचे दोन काटे वाचायला ती शिकली होती. एक काटा दाबाचा, व्होल्टचा. दुसरा प्रवाहाचा, अँपिअरचा.

सगळं बंद झालं. व्होल्टचा काटा दोनशेवर होता. अँपिअरचा शून्यावर यायला हवा, तर तो पाचावर ठाण मांडून!

"काटा बिघडलाय," पंत घाईघाईने म्हणाले.

"थांबा की जरा!" चंद्राक्काने आता नुसता बंब चालू करायला लावला. काटा सातावर गेला.

"म्हणजे बंब खातो दोन. सरकार, दोनशे गुणिले दोन?"

"चारशे."

"चारशे वॅट! बंबाच्या पाटीवर लिहिलंय हजार. आता दोनशेला दोनाने भागा."

"शंभर."

"हा बंबातल्या तापणाऱ्या तारेचा रोध. शंभर ओहम. पाटीवर आहे चाळीस! रोध वाढला, प्रवाह आटला, पाणी गार. पोटातली तार कुणीतरी बदललीय!"

"मग माझी तार कुठाय?" महाराज गरजले.

"ते आधीचे पाच अँपिअर कुणाचे? दोनशेला पाचाने भागा."

महाराजांनी बोटांवर हिशेब केला. "चाळीस!"

"आता दोनशे गुणिले पाच?"

"हजार! अगं, ही तर माझीच तार!"

"आणि आत्ता ती कुणाचं तरी पाणी उकळतेय. महालाबाहेर ही वीज एकाच घरी दिलीय, सरकार. कारभाऱ्यांच्या. तीही दोन दिव्यांपुरती."

महाराजांनी पंतांच्या दंडावरून बोट फिरवलं. शनिवारचं न्हाण त्यांचंही झालेलं, पण तेलाचा टिपूस नाही! कातडी घासलेल्या तांब्यासारखी लालबुंद.

"दोन दिवे हजार वॅटचे का हो, पंत?"

"त... ते... मंडळींना संधिवात..."

महाराज असे खदखदून हसले, की अंगावरचं उपरणं गळून पडलं! "चंद्राक्का, सोन्याच्या पाटल्या घे! आजपासून डायनामोच्या खोलीवरही तुझाच हुकूम!"

"पाटल्या घेते की! पण तार परत बसेपर्यंत जुना लाकडाचा बंब पेटवावा लागेल, सरकार. लाकडं फोडायची, फुंकर घालायची, डोळ्यांत धूर घ्यायचा. कोण करणार?"

महाराजांनी डोळे पुसले आणि बोट रोखलं.

"मल्हारपंत!"