मधला थर शांत होता

एका नगरातल्या मोठ्या रुग्णालयात दृष्टीचा अभ्यास करणारे एक वृद्ध आचार्य होते. डोळ्यांनी टिपलेले मेंदूत कुठे आणि कसे पोहोचते, हे शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य शिकत असे. यंत्र चालवणे, आकडे काढणे आणि निष्कर्ष लिहिणे ही कामे त्याच्याकडे होती.

एके सकाळी कापडाचा एक व्यापारी मुलाचा हात धरून आला. वर्षापूर्वी व्यापाऱ्याची दृष्टी गेली होती. मुलाने शिष्याला सांगितले, की वडिलांना हातातले कापड दिसत नाही, पण डोळ्यांसमोर अनोळखी माणसे येतात. फेटे बांधलेले पुरुष येतात, नऊवारीतल्या बायका येतात, आणि त्या बायकांच्या लुगड्यांचे काठ वडील अगदी धाग्यांसकट वर्णन करतात. एकदा तर भर दुकानात, समोर नसलेल्या बाईसाठी त्यांनी लुगड्यांचा ढीग उलगडला आणि दुसरा रंग हवा का, असेही विचारले. गिऱ्हाइके हसली. त्या दिवसापासून त्यांना दुकान बंद झाले.

मग मुलगा आवाज उतरवून म्हणाला, की माडीवरची खोली रिकामी केली आहे, दाराला बाहेरून कडी बसवली आहे. यांचे डोके फिरले आहे, एवढे तुम्ही लिहून दिलेत की घरातली कटकट मिटेल.

व्यापाऱ्याने हे ऐकले. तो आचार्यांच्या दिशेने वळला. "समोर कोणी नसतं, हे मला आता कळतं, गुरुजी. तरी दिसतं. वेड लागलं असेल तर तसं सांगा. पण तुम्हाला डोळे आहेत, तेव्हा नीट बघून सांगा."

शिष्याने त्याला यंत्रात निजवले, पडद्यावर चित्रे दाखवली आणि मेंदूचा पाहणारा भाग किती जागा होतो ते मोजले. आकडे पाहून तो चकित झाला. तिथली हालचाल डोळस माणसाइतकीच होती. त्याने विचार केला, हा मनुष्य एक तर आंधळेपणाचे सोंग करतो आहे, नाही तर भ्रमिष्ट आहे. सोंग म्हणण्यापेक्षा भ्रमिष्ट म्हणणे बरे, असे वाटून तो तेच लिहू लागला.

आचार्यांनी त्याच्या पुढचा कागद बाजूला सारला. व्यापाऱ्याच्या डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधायला सांगितली, खोलीतले दिवे मालवायला सांगितले, पडदाही बंद करायला लावला. व्यापाऱ्याच्या हाती एक बटण दिले. कोणी दिसले की त्याने ते दाबायचे होते. मग ते शिष्याला म्हणाले, "आता पुन्हा मोज."

"पण आता दाखवायला काहीच नाही, गुरुजी. मोजू काय?"

"आपण जे दाखवलं नाही, ते."

शिष्य मनातून खट्टू झाला, पण त्याने मोजले. त्या गडद काळोखात व्यापारी पुनःपुन्हा बटण दाबत राहिला आणि आकडे सकाळसारखेच आले. तेव्हा आचार्यांनी ती बेरीज मोडून मेंदूच्या त्या भागाचा प्रत्येक थर वेगळा मोजायला सांगितले. काम किचकट होते, दुपार त्यात गेली. अखेर जे हाती आले त्याकडे शिष्य पाहतच राहिला. मधला थर जवळजवळ शांत होता. वरच्या आणि खालच्या थरांत मात्र, बटण दाबले जाई तेव्हा तेव्हा, हालचाल वाढत होती.

आचार्य म्हणाले, "मेंदूची ही पाहणारी साल भाकरीच्या पापुद्र्याहून फार जाड नाही. पण तिचे थर एकच काम करत नाहीत. डोळ्यांकडची बातमी मुख्यतः मधल्या थरात उतरते. आपल्याला आधीच ठाऊक असलेलं मेंदूच्या इतर भागांतून परत येतं, ते बहुतांशी वरच्या नि खालच्या थरांत. तू सगळं एकत्र मोजलंस, म्हणून तुला वाटलं डोळे काम करताहेत. डोळ्यांनी काहीच पाठवलेलं नाही. शेठ सोंग करत नाहीत, त्यांना खरंच दिसतं. आणि समोर कोणी नसतं हेही त्यांनीच आपल्याला सांगितलं; याला वेड म्हणत नाहीत. तुझ्यामाझ्या पाहण्यातही आतलं मिसळलेलं असतंच. आपल्याकडे बाहेरची बातमी सतत येत राहते, म्हणून ते उघडं पडत नाही, इतकंच."

हेच त्यांनी बापलेकांना थोडक्यात सांगितले. हे जाईल का, असे व्यापाऱ्याने विचारले. कधी ओसरते, कधी राहते, वचन देता येणार नाही, असे आचार्य म्हणाले.

वर्षभरात मुलाने वडिलांना समजावले होते, दटावले होते, देवऋष्याकडेही नेऊन आणले होते. तो त्यांच्याशेजारी बाकावर टेकला.

"आप्पा, आत्ता कोण दिसतंय?"

व्यापारी क्षणभर घुटमळला. "एक म्हातारी. मोरपंखी लुगडं, काठ चांगला चार बोटं रुंद."

"कशी आहे?"

"तुझ्या सासूसारखी. मघापासून उभीच आहे, बस म्हटलं तरी बसत नाही."

मुलाला हसू आवरले नाही. मग वडिलांना हात देऊन उठवत तो म्हणाला, "उद्यापासून दुकानात चला. खरं गिऱ्हाईक कोणतं, ते मी सांगत जाईन."

दोघे बाहेर पडेपर्यंत शिष्य दार धरून उभा राहिला. दिवसभर आपण या माणसाचा मेंदू मोजला, पण तुम्हाला काय दिसते, असे त्याला एकदाही विचारले नाही, हे तेव्हा त्याच्या ध्यानी आले.