जुम्मेरातीचा खिमाचणा

"पण किती बदललं म्हणजे तो खिमाचणा राहत नाही, बाबा? तेवढं एकदा सांगून टाका."

सकाळपासून दस्तगीर हे तिसऱ्यांदा विचारत होता. रज्जाकशा बाबा सुपातले हरभरे निवडत होते. एक खडा सापडला, तो त्यांनी लांब फेकला आणि पुन्हा सुपात डोकं घातलं.

"बाबा, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय की."

"मग?"

बाबांना आणखी एक खडा सापडला.

हे नेहमीचंच होतं. कुणी अडचणीचं विचारलं की बाबांना नेमके खडे सापडत.

दस्तगीर मणेर म्हणजे काही ऐरागैरा आचारी नव्हे, निदान त्याच्या स्वतःच्या मते तरी नव्हे. शहरातल्या मोठ्या हॉटेलात अकरा वर्षं भटारखाना सांभाळलेला माणूस. हळदसुद्धा चिमटीनं न टाकता तराजूनं टाकणारा. बाजारपेठेच्या गावाबाहेर, चिंचेखालच्या तकियात, छोट्याशा मठीत, एक म्हातारा फकीर राहतो, दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारी खोलगट लोखंडी तव्यावर खिमाचणा करतो आणि येईल त्याला पंगतीत बसवतो, हे त्याच्या कानावर गेलं. ज्यानं एकदा खाल्ला तो विसरत नाही, असंही कुणीतरी सांगितलं. झालं! रजा टाकून, वही आणि छोटा तराजू घेऊन स्वारी तकियात हजर झाली. खरा खिमाचणा शिकल्याशिवाय हलायचं नाही, असा निश्चय करून.

सात गुरुवार झाले होते. वहीत सात कृती उतरल्या होत्या आणि त्यातली एक दुसरीशी जुळत असेल तर शपथ.

पहिल्या खेपेला खिमा भरपूर होता, हरभरा नावाला. पुढच्या गुरुवारी खिमा मिळाला मूठभर आणि माणसं आली दुप्पट, तेव्हा बाबांनी सरळ दुधी किसून ढकलला. दस्तगीरच्या अंगावर काटा आला होता. पण ते काहीच नव्हतं, कारण त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी शेपू घातला!

"शेपू?" दस्तगीर अक्षरशः किंचाळला होता. "खिम्यात?"

"मंडईत शेपू चांगला आला होता," बाबा म्हणाले होते.

एकदा पंगतीत तोंड आलेला हमाल बसला, तर अख्ख्या तव्यात मिरचीच नाही. एकदा बिनदातांची तीन म्हातारी माणसं आली, तर हरभरा ठेचून लापशी. आणि प्रत्येक वेळी पंगतीला हाक एकच, "चला, खिमाचणा झाला!"

कायम होतं ते एवढंच: शेवटी तवा उतरवताना बाबा चिंचेचा कोवळा पाला ओरबाडून आणत, हातावर चोळत आणि वरून टाकत. पण तो तरी किती? वजन करायला दस्तगीर तराजू पुढे करी, तोवर पाला तव्यात पडलेला असे.

"मी माझ्या आयुष्यात एका पदार्थाच्या मापात फरक केला नाही," दस्तगीर आता म्हणाला. त्याला खरोखर राग आला होता. "अकरा वर्षांत एकदाही नाही. तुम्ही दर वेळी बदलता आणि नाव तेच सांगता. हे फसवणं नाही का, बाबा?"

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"आज तू कर," ते म्हणाले. "माझा हात दुखतोय."

दस्तगीरला दुसरं काय हवं होतं? त्यानं मोठा तवा चढवला. कांदा, आलं-लसूण, धणे-जिरे, काळा मसाला, सगळं मापून. खिमा परतून परतून मोकळा केला, शिजवलेला हरभरा घातला. वास असा सुटला की पंगतीला बसलेल्या माणसांच्या माना चुलीकडे वळल्या. हा माझा खिमाचणा, इथून पुढे हाच खरा, असं त्यानं पंगतीला वाढता वाढता मनाशी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात उन्हातून एक बाई आली.

साठीची असेल. काष्ट्याचं लुगडं, मोकळं कपाळ, गळ्यात तुळशीची माळ. ती पंगतीला बसली नाही. नीट बाबांपुढे येऊन उभी राहिली.

"रज्जाकशा बाबा तुम्हीच का?"

"हो, बाई. बसा."

"मी शिरंबवाडीची गजराबाई. दिनकरची आई."

बाबा उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत ते कुणासाठी उठलेले दस्तगीरनं पाहिले नव्हते.

"दिनकर..." बाबा म्हणाले.

"गेला. दोन महिनं झालं. गुरुवारी बाजारात कांदा इकून घरी येत हुता, घाटात टेंपो उलटला." ती हे अशा सुरात बोलली की बोलून बोलून शब्द गुळगुळीत झाले असावेत. "माळकरी हुता माझा ल्योक. आन् तुमच्या हितं पंगतीला बसायचा, दर गुरुवारी. गावातल्यांनी बघितलंय त्याला. समदं गाव म्हणतंय, गळ्यात माळ घालून फकिराकडं मटान खाल्लं, म्हणून असं मरान आलं."

पंगतीत कुणाचा तरी घास हातातच राहिला.

"बाई, तो इथं..." बाबांनी सुरुवात केली.

"सांगू नका!" तिनं हात वर केला. "पाया पडते, बाबा, काई सांगू नका. माझी समजूत काढायला गोड बोलणारी लई भेटली. दोन महिनं तेच ऐकतेय. मला त्यातलं काई खरं वाटत न्हाई आता. मी ऐकाय आले न्हाई."

"मग?"

"जेवाय आले."

एवढं म्हणून तिनं दोन्ही हात मानेमागे नेले. बत्तीस वर्षं गळ्यात असलेली माळ काढली आणि चुलीशेजारच्या दगडावर ठेवली.

"त्यानं शेवटचं जे खाल्लं, तेच वाढा मला. पाप आसंल तर दोघांचं हुईल. एकट्यानं कशाला भोगायचं माझ्या लेकरानं?"

दस्तगीर थिजला. हातातली पळी तव्याच्या काठावर आपटली, त्या आवाजानं तो स्वतःच दचकला. त्याची मावशीसारखी असलेली शेजारीण माळकरी होती. अंड्याचं टरफल दारात दिसलं तरी ती अंगण शिंपायची. माळ काढणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा चुलीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ऐकलंस ना? वाढ तिला."

"काय?"

"भुकेली आहे. वाढ."

"बाबा, यात मटण आहे!"

"तुझ्या मापाचं आहे. चांगलं झालंय."

दस्तगीरला आपण कुणापुढे उभे आहोत तेच कळेना. हाच तो माणूस, ज्याच्या पायाशी सात आठवडे बसलो? ज्या बाईनं इतकी वर्षं पथ्य पाळलं, तिच्या थाळीत हा सरळ...

"मी नाही वाढणार," तो म्हणाला. गुरूला नाही म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"मग काय करशील?"

दस्तगीरनं तव्याकडे पाहिलं. मग भिजवून उरलेल्या हरभऱ्याच्या पातेल्याकडे पाहिलं.

"बदलतो," तो म्हणाला.

"किती?"

दस्तगीरनं हरभऱ्याचं पातेलं पुढे ओढलं.

"किती बदलशील, दस्तगीर?"

दस्तगीरच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "पण भांडं?" तो पुटपुटला. "इथल्या सगळ्या भांड्यांत मटण शिजतं."

बाबांनी हनुवटीनं कोपऱ्याकडे खूण केली. तिथं एका खुंटीला लहानसा लोखंडी तवा सगळ्या भांड्यांपासून लांब टांगलेला होता. दस्तगीरला तो आजवर मोडीतला वाटत आला होता. खाली काढला तर तो घासलेला आणि तेल लावून ठेवलेला निघाला. शेजारी छोटा पाटा-वरवंटाही होता.

"मावशी, थोडा दम धरा," दस्तगीरनं तिला हाक दिली. "तुम्हाला ताजं करून वाढतो."

तराजू कुठं होता कोण जाणे. त्यानं भिजलेला हरभरा पाट्यावर जाडसर भरडला, आणि दुसऱ्या चुलीवर लहान तव्यात कांद्या-लसणावर टाकून परतत राहिला. आधी लगदा झाला. पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा परतलं. हळूहळू भरडा सुटा झाला, तपकिरी झाला, खरपूस झाला. तोच मसाला, वेगळ्या ताटलीत आधीच काढून ठेवलेला. वर अख्खा शिजवलेला हरभरा. लांबून कुणी म्हटलं असतं, खिमाच.

आणि शेवटी, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, तो चिंचेकडे धावला, कोवळा पाला ओरबाडला, चोळला आणि टाकला.

थाळी पुढे आल्यावर गजराबाईनं वर पाहिलं.

"खिमाच हाय न्हवं?"

दस्तगीरच्या तोंडचं पाणी पळालं. हो म्हणावं तर आईच्या वयाच्या बाईला फसवायचं, आणि खोट्या खिम्यापायी तिची माळ त्या दगडावर पडून राहणार. नाही म्हणावं तर ती ताट सारून उठणार, गावोगाव तीच टोचणी घेऊन फिरणार.

"इथं याला खिमाचणाच म्हणतात, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

डोळे मिटून तिनं पहिला घास तोंडात टाकला.

चावला. थांबली.

डोळे उघडले. दुसरा घास घेतला, आता मात्र घाईनं. जिभेवर घोळवला. आणि तिचा चेहरा असा बदलला की दस्तगीर दोन पावलं मागे सरला.

"ह्ये तुला कुणी शिकिवलं?"

"मावशी, मी..."

"कुणी शिकिवलं म्हणते मी! ह्ये माझ्या घरचं हाय! माझ्या हातचं!"

दस्तगीरचा धीर सुटला. त्यानं थाळीशेजारी गुडघे टेकले. "चुकलो, मावशी. मटण नाही यात. नुसता हरभरा आहे, भरडलेला. मी आत्ता मनानंच केलं. तुम्हाला फसवलं मी. पण मला ते तुमच्या ताटात टाकवेना हो!"

ती त्याचं काही ऐकतच नव्हती.

"दिनकर दर शनिवारी करायला लावायचा मला," ती थाळीकडे बघत बोलत होती. "आई, हरभरा भरड. आई, खरपूस परत, करपलं तरी चालंल. बाजारात एकाकडं खाल्लंय म्हणायचा, तुला त्या चवीचं जमतंय का बघू. आन् चिंचंचा कवळा पाला... मी म्हणायचे, आरं कालवणात पाला कोण घालतंय येड्या? तर स्वतः झाडावर चढून आणायचा..."

तिनं मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं. दस्तगीरनंही पाहिलं. मघाशी 'मनानंच केलं' म्हणालेला तोच दस्तगीर, तोंड उघडं ठेवून.

"म्हंजी दिनकर हितं..."

"दर जुम्मेरातीला," बाबा म्हणाले. "त्याच तव्यात. पहिल्या दिवशीच म्हणाला, बाबा, मी माळकरी आहे, पण मला सगळ्यांबरोबर बसायचंय. गेल्या दोन महिन्यांत तो तवा मी चुलीवर चढवला नाही."

पंगत हात आखडून बसली होती.

मग गजराबाईनं जो हंबरडा फोडला, तो त्या तकियात बसलेल्या प्रत्येकाच्या काळजात गेला. "तसाच गेला गं बाई, माझा वाघ! माळ घालून गेला!" ती छाती पिटत होती, आणि रडता रडता तिला हसूही फुटत होतं. दस्तगीरनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याचा हात धरून ती रडत राहिली. त्यालाही रडू आवरेना. दोन महिने ती ज्या गोष्टीला घाबरत होती, ती घडलीच नव्हती.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. थाळीत उरलेलं तिनं बोटानं निपटून खाल्लं. उठून हात धुतले, दगडावरची माळ उचलून डोळ्यांना लावली आणि गळ्यात घातली. जायला निघाली, ती परत फिरली.

"बाबा, मला पटलं. पण गावाला काय सांगू? माझ्यावर कोण इस्वास ठेवंल? म्हणतील, आईच ती, लेकाचं झाकतीय."

दस्तगीरला वाटलं, आता बाबांना पुन्हा खडे सापडणार. पण सूप रिकामं होतं.

"गावाला काही सांगू नका, बाई," बाबा म्हणाले. "जेवायला पाठवा."