जावईबापूंनी समुद्र पाहिला

समुद्रकाठच्या एका गावात एक भोळा घरजावई होता, दाजीबा. त्याचे सासरे अंतोबा यांना चित्रांचा भारी सोस. शहरातून त्यांनी समुद्राचं मोठं चित्र आणून ओटीवर टांगलं. खरा समुद्र परसाच्या पलीकडेच होता, पण त्याचा अर्थ त्यांनी कुणाला कधी विचारला नाही. चित्राचा मात्र येईल त्याला विचारत. पाहुणे "अथांग, अथांग" म्हणत. म्हणजे दुसरा चहा मिळे.

एकदा सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "काय दिसतं, जावईबापू?"

"पाणी."

"आणखी?"

"आणखीही पाणीच."

पाहुणे फिसकन हसले. ते गेल्यावर बायको मथुरा म्हणाली, "अहो, दिसतं ते सांगायचं नसतं. आत दुःख किती दाटलंय, ते सांगायचं."

दुसऱ्या दिवशी शेजारी बारसं होतं. बाळाच्या आईनं हौसेनं दुपटं बाजूला केलं. "कुणासारखा दिसतो, भावोजी?"

"दिसतं ते सांगायचं नसतं," दाजीबा म्हणाला. "पण आत दुःख फार दाटलंय."

आजीनं त्याला घुगऱ्या न देताच बाहेर काढलं.

"असं अभद्र बोलू नये," मथुरा म्हणाली. "अंधारातही आशेचा किरण दिसतो, म्हणावं."

पुढे गावातला एक निपुत्रिक सावकार शेवटच्या घटका मोजत होता. पुतणे तोंडं पाडून बसले होते. वैद्यांनी नाडी सोडली. दाजीबा पुतण्यांना म्हणाला, "रडू नका. मला आशेचा किरण दिसतोय." तो पुतण्यांनाही दिसत होताच. म्हणून तर त्यांनी त्याला जास्त बडवलं.

शेवटी अंतोबांनीच त्याला चित्रापुढे उभं केलं. "समुद्र बघायचा तर मागे सरायचं. मान तिरकी करायची. अवाक्षर बोलायचं नाही, हात लावायचा नाही. नुसता अर्थ शोधायचा."

संध्याकाळी दोघं धक्क्यावर फिरायला गेले. शेवाळावरून अंतोबांचा पाय सटकला नि ते थेट पाण्यात पडले. त्यांना पोहता येत नव्हतं.

"जावईबापू, हात द्या!"

दाजीबाला पोहता येत होतं. पायाशी दोरही पडला होता. तो मागे सरला. त्यानं मान तिरकी केली.

कोळ्यांनी होडी घालून अंतोबांना शेंडीला धरून वर ओढलं. पोटातलं पाणी ओकून झाल्यावर ते म्हणाले, "मेल्या, मी बुडत होतो. तुला दिसलं नाही?"

"दिसलं की," दाजीबा म्हणाला. "अर्थ आता सापडणारच होता, तेवढ्यात या लोकांनी तुम्हाला बाहेर काढलं."